डायलिसिस, हिपॅटायटिस आणि 'संबंध आढळला': एका साच्यातल्या पेपरांची चिकित्सा

पबमेडवर 'हिमोडायलिसिस', 'हिपॅटायटिस' आणि 'पॉलिमॉर्फिझम' हे तीन शब्द एकत्र टाकून बघा. एकाच साच्यातले पेपर एकामागून एक येतात. शंभर-दोनशे डायलिसिसचे रुग्ण घेतले. त्यांतल्या काहींना हिपॅटायटिस बी किंवा सी आहे, काहींना नाही. रक्तातून डीएनए काढला, रोगप्रतिकारशक्तीच्या दोन-चार जनुकांमधले एका अक्षराचे फरक, म्हणजे एसएनपी, तपासले. शेवटी निष्कर्ष: 'अमुक जनुकप्रकाराचा दीर्घकालीन संसर्गाशी संबंध आढळला.'

हा विषय पीएचडीसाठी हाताशी पटकन येतो. रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा त्याच जागी येतातच, रक्त काढलं जातंच आणि पीसीआर मशीन बहुतेक विभागांत असतंच. तुमच्यापैकी कुणाच्या तरी समोर गाइड हा विषय ठेवतील, म्हणूनच तो इथे घेतेय. माझं मत आधीच सांगते. प्रश्न चांगला आहे. पण बहुतेक वेळा अभ्यासाची रचना त्या प्रश्नाला पुरी पडत नाही, आणि चुकीच्या उत्तराची किंमत शेवटी खुर्चीवर बसलेला रुग्ण मोजतो.

प्रश्न मुळात का चांगला आहे

डायलिसिसमध्ये रुग्णाचं रक्त साधारण चार तास शरीराबाहेर फिरतं, तेही वर्षानुवर्षं. त्यामुळे रक्तातून पसरणाऱ्या विषाणूंना ही जागा फार सोयीची. १९६९-७० मध्ये एडिनबरा इथल्या युनिटमध्ये हिपॅटायटिस बीची साथ आली, तिच्यात रुग्णांबरोबर कर्मचारीही दगावले. अमेरिकेत १९७४ साली डायलिसिसच्या रुग्णांमध्ये नव्याने हिपॅटायटिस बी होण्याचं प्रमाण वर्षाला ६.२ टक्के होतं. बाधितांसाठी वेगळी मशीन, वेगळी जागा, नियमित तपासणी अशा उपायांनी १९८० पर्यंत ते १ टक्क्यावर आलं. लस बाजारात यायच्या आधीची ही गोष्ट आहे, हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

आता जीवशास्त्र. निरोगी प्रौढाला हिपॅटायटिस बी झाला तर सुमारे ९५ टक्के वेळा शरीर विषाणूला हाकलून लावतं. नवजात बाळात उलटं, ९० टक्क्यांच्या आसपास बाळांमध्ये तो मुक्काम ठोकतो. हिपॅटायटिस सी चार जणांपैकी साधारण एकाच्याच शरीरातून आपोआप जातो. किडनी निकामी झाली की युरेमियामुळे टी-पेशी आणि डेंड्रायटिक पेशी नीट काम करत नाहीत. म्हणून या रुग्णांमध्ये हिपॅटायटिस बी रेंगाळतो आणि त्याची लसही कमी जणांना लागू पडते. तरीही एकाच वॉर्डातल्या दोघांपैकी एकाचा विषाणू जातो, दुसऱ्याचा राहतो. हा फरक कुठून येतो, असं विचारणं अगदी रास्त आहे.

आणि जनुकांमध्ये उत्तराचा काही भाग असतो, हे सिद्धही झालंय. २००९ मध्ये 'नेचर'मध्ये गे आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. हिपॅटायटिस सीवर इंटरफेरॉन आणि रिबाविरिन घेणाऱ्या हजारांहून अधिक रुग्णांचा संपूर्ण जीनोम चाळून त्यांना १९व्या गुणसूत्रावर, आयएल२८बी (आताचं नाव आयएफएनएल३) या जनुकाजवळ एक खूण सापडली: आरएस१२९७९८६०. तिथे 'सीसी' असणाऱ्यांमध्ये उपचाराला यश मिळण्याचं प्रमाण इतरांच्या साधारण दुप्पट होतं. त्याच वर्षी जपानमध्ये कामातानी आणि सहकाऱ्यांनी दीर्घकालीन हिपॅटायटिस बीचा संबंध एचएलए-डीपी भागाशी दाखवला. डायलिसिसच्या रुग्णांमध्ये हाच धागा पकडून सातत्याने काम करणारा एक गट पोलंडमध्ये पोझनानच्या वैद्यकीय विद्यापीठात आहे, आलिच्या ग्झेगोझेव्स्का यांचा. इंटरफेरॉन-लॅम्डा, इंटरल्युकिन, ड जीवनसत्त्वाच्या मार्गातली जनुकं आणि हिपॅटायटिस बीविरुद्धची प्रतिपिंडं यांच्यावर त्यांनी अनेक पेपर लिहिलेत. एकाच प्रकारच्या रुग्णांचा इतका चिकाटीने पाठपुरावा करणं सोपं नाही.

मग माझी तक्रार कशाबद्दल आहे?

तीन प्रश्नांची खिचडी

पहिली तक्रार सगळ्यात मोठी आहे. या पेपरांत तीन वेगळे प्रश्न एकाच भांड्यात शिजवले जातात.

एक, विषाणू शरीरात शिरला का?
दोन, शिरल्यावर तो गेला की राहिला?
तीन, लस दिल्यावर प्रतिपिंडं तयार झाली का?

पहिल्याचं उत्तर प्रामुख्याने युनिटच्या स्वच्छतेवर, रक्त किती वेळा दिलं गेलं यावर आणि डायलिसिस किती वर्षं चालू आहे यावर अवलंबून असतं. जनुकांचा खरा वाव दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नात आहे. आता विचार करा. एका गटात हिपॅटायटिस सी असलेले ८० रुग्ण आणि 'कंट्रोल' म्हणून हिपॅटायटिस सी नसलेले ८० रुग्ण घेतले. त्या दुसऱ्या ८० पैकी किती जणांची विषाणूशी गाठ पडली होती? बहुतेकांची कधीच नाही. ज्याने पेपरच दिला नाही त्याला पास झालेल्यांत धरण्यासारखं आहे हे.

दुसऱ्या प्रश्नासाठी योग्य तुलना अशी: विषाणू येऊन गेलेले विरुद्ध विषाणू येऊन राहिलेले. हिपॅटायटिस बीमध्ये हे जमतं. एचबीएसएजी निगेटिव्ह पण अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह म्हणजे माणूस विषाणूला भेटून बाहेर पडलाय. हिपॅटायटिस सीमध्ये अँटीबॉडी पॉझिटिव्ह, आरएनए निगेटिव्ह, असा गट लागतो. इथे मात्र डायलिसिसमुळे दोन अडचणी येतात. या रुग्णांमध्ये अँटीबॉडी कधीकधी तयारच होत नाही किंवा उशिरा होते. म्हणून तर केडीआयजीओच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना डायलिसिस केंद्रातल्या रुग्णांसाठी थेट आरएनए शोधणारी चाचणी सुचवतात. दुसरं, आरएनए निगेटिव्ह असलेला रुग्ण आपोआप बरा झालाय की मध्ये औषध घेऊन, हे फाइलमधून काढावं लागतं. पेपर वाचताना 'मेथड्स'मध्ये या दोन गोष्टी शोधा. दोन्ही नसतील तर 'रिझल्ट्स' वाचण्यात फार वेळ घालवू नका.

आणखी एक प्रकार दिसतो: कंट्रोल म्हणून निरोगी रक्तदाते. हे त्याहून वाईट. आता दोन गटांत संसर्गाचाही फरक आहे आणि किडनीच्या आजाराचाही. सापडलेला जनुकप्रकार हिपॅटायटिसचा की किडनी बिघडवणाऱ्या मधुमेहाचा, हे कुणालाच सांगता येणार नाही.

शंभर विरुद्ध शंभरचा हिशेब

आता वही-पेन घ्या, हिशेब करून बघू. आकडे कल्पित आहेत, पण या क्षेत्रात दिसतात तसेच.

समजा एखादं रूप बऱ्या झालेल्यांत ३० टक्के गुणसूत्रांवर आहे आणि विषाणू राहिलेल्यांत ३५ टक्क्यांवर. म्हणजे ऑड्स रेशो सुमारे १.२६. गुंतागुंतीच्या आजारांत एकेका एसएनपीचा परिणाम बहुधा एवढाच किंवा याहून लहान असतो. प्रत्येक गटात १०० माणसं, म्हणजे २०० गुणसूत्रं. दोन टक्केवाऱ्यांमधल्या फरकाची प्रमाण त्रुटी येते सुमारे ४.७. खरा फरक ५ चा आणि त्रुटी ४.७ ची! असा फरक ०.०५ च्या कसोटीवर पकडला जाण्याची शक्यता, म्हणजेच 'पॉवर', २० टक्क्यांच्या थोडी खालीच राहते. ८० टक्के पॉवर हवी तर प्रत्येक गटात जवळपास ७०० माणसं लागतील.

इथे कुणी म्हणेल, 'पॉवर कमी असूनही आम्हाला संबंध सापडला, म्हणजे तो किती जोरदार असेल!' हा युक्तिवाद मी सेमिनारमध्ये अनेकदा ऐकलाय, आणि तो उलटा आहे. १०० विरुद्ध १०० मध्ये 'सिग्निफिकंट' ठरायला फरक किमान ९ टक्क्यांचा दिसावा लागतो. म्हणजे खरा फरक ५ चा असताना, ज्या अभ्यासात योगायोगाने तो ९ किंवा जास्त दिसला तोच छापला जाणार. छापलेला ऑड्स रेशो किमान दीडच्या आसपास येणार, प्रत्यक्षात तो १.२६ असतानाही. सांख्यिकीत याला 'विनर्स कर्स' म्हणतात. पुढचा विद्यार्थी त्या फुगलेल्या आकड्यावर आपला नमुना ठरवतो, मग त्याला काहीच सापडत नाही आणि तो स्वतःच्या पीसीआरला दोष देत बसतो.

त्यात भर चाचण्यांच्या संख्येची. १० एसएनपी, प्रत्येकाची तीन मॉडेल (डॉमिनंट, रिसेसिव्ह, अ‍ॅडिटिव्ह), दोन परिणाम: झाल्या ६० चाचण्या. काहीही खरं नसलं तरी ०.०५ च्या कसोटीवर सरासरी तीन 'शोध' हाती लागतात. पेपरमध्ये ६० पैकी तीनच ठळक केलेले असतील तर उरलेल्या ५७ चं काय झालं, हे विचारायला लाजू नका. जीनोमभर शोधणारे अभ्यास म्हणूनच ०.०००००००५ इतकी कडक कसोटी लावतात. २००९ च्या त्या आयएल२८बीच्या शोधाने युरोपीय वंशाच्या रुग्णांमध्ये ही कसोटी फार मोठ्या फरकाने ओलांडली होती.

हे सगळं माझं नवं नाही. २००२ मध्ये हिर्शहॉर्न आणि सहकाऱ्यांनी छापून आलेल्या जनुक-आजार संबंधांचा आढावा घेतला. तीन किंवा जास्त वेळा तपासले गेलेले १६६ संबंध होते. त्यांतले सातत्याने पुन्हा सापडलेले फक्त ६. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा असा आहे.

कोण कुठून आलंय

दुसरी एक जुनी, चांगली गोष्ट. १९८८ मध्ये नोलर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या मूळ रहिवाशांमधल्या मधुमेहाचा अभ्यास छापला. प्रतिपिंडांच्या जनुकातलं एक विशिष्ट हॅप्लोटाइप असलेल्यांना मधुमेह कमी, असं दिसत होतं. पहिल्या नजरेत संरक्षक जनुक सापडलं! पण ते हॅप्लोटाइप मुळात युरोपीय वंशाची खूण होती. ज्यांच्यात युरोपीय पूर्वज जास्त, त्यांच्यात हॅप्लोटाइपही जास्त आणि मधुमेह कमी. वंशाचा वाटा हिशेबात धरला आणि संबंध जवळजवळ विरून गेला.

आपल्याकडे हा धोका जास्त आहे. हैदराबादच्या सीसीएमबीतले लालजी सिंग आणि थंगराज, तसंच डेव्हिड राइश यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की भारतातले समाज पिढ्यान्‌पिढ्या आपापसात लग्नं करत आल्याने जनुकीयदृष्ट्या एकमेकांपासून बरेच वेगळे झालेत. मुंबईतल्या एखाद्या डायलिसिस युनिटमध्ये कोकणातला, विदर्भातला, उत्तर प्रदेशातून आलेला असे सगळे शेजारी-शेजारी बसतात. कुणाला किती रक्त चढवलं गेलं, कुणाचा डायलिसिस आधी कुठल्या गावात झाला, हे त्यांच्या आर्थिक स्थितीवर आणि प्रवासावर ठरतं. समाजही वेगळा, संसर्गाचा धोकाही वेगळा. अशा वेळी 'सर्व सहभागी भारतीय वंशाचे होते' या वाक्याने काहीच साधत नाही. 'हार्डी-वाइनबर्ग समतोल तपासला' एवढंही पुरत नाही. ती चाचणी जनुकप्रकार वाचण्यातल्या ढोबळ चुका पकडते, गटागटांतला असा फरक तिच्या हातून सहज निसटतो.

याच जातीची आणखी एक गोष्ट: आपण मोजतो ते आज खुर्चीवर असलेले रुग्ण. ज्यांचं हिपॅटायटिसमुळे यकृत गेलं किंवा हृदय बंद पडलं, ते नमुन्यात नाहीत. ज्यांना किडनी मिळाली तेही नाहीत. एखादं रूप 'दीर्घकालीन संसर्ग असणाऱ्यांत जास्त' दिसलं, तर ते संसर्ग टिकवतं की संसर्ग असूनही माणसाला जगवतं? एकदाच रक्त घेणाऱ्या अभ्यासातून हे कळत नाही.

लहान नमुना नेहमीच टाकाऊ का?

नाही. आणि हे सांगितलं नाही तर माझी टीका अर्धवट राहील.

१९८९ मध्ये आल्पर आणि सहकाऱ्यांचा पेपर 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. हिपॅटायटिस बीची लस घेऊनही प्रतिपिंडं न झालेल्यांमध्ये एचएलए-बी८, एससी०१, डीआर३ हे हॅप्लोटाइप दोन्ही गुणसूत्रांवर असणारे लोक अपेक्षेपेक्षा जास्त दिसत होते. संशोधक तिथे थांबले नाहीत. त्यांनी हे हॅप्लोटाइप दुहेरी असणारे ५ आणि एकेरी असणारे ९ लोक शोधले, त्यांना लस दिली आणि प्रतिपिंडं मोजली. दुहेरीवाल्यांचा प्रतिसाद ठरवल्याप्रमाणे कमी निघाला. एकूण माणसं १४!

हा पेपर मला आवडतो, कारण त्यात भाकीत आधी आहे आणि मोजणी नंतर. जनुकप्रकार ठरलेला, गृहीतक ठरलेलं, मोजायची गोष्ट एकच. शोधायला साठ जागाच नव्हत्या. शिवाय लसीच्या अभ्यासात 'गाठ पडली का?' हा प्रश्नच उरत नाही. प्रत्येकाला तीच लस, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मात्रेत मिळते. डायलिसिसच्या रुग्णांना तर दुप्पट मात्रा, ४० मायक्रोग्रॅम, ०, १, २ आणि ६ महिन्यांनी देण्याची पद्धत रूढ आहे. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस मोजतात, १० एककांच्या वर गेलं की संरक्षण मिळालं असं धरतात. तिसरा प्रश्न या अर्थाने सगळ्यात स्वच्छ आहे. डायलिसिस युनिटमध्ये काम करायचंच असेल तर माझा कल त्याच बाजूला आहे.

समजा संबंध खरा निघाला, पुढे काय?

आयएल२८बीची पुढची कथा ऐका. २०१३ मध्ये प्रोकुनिना-ओल्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ती प्रसिद्ध खूण बहुधा फक्त पाटी होती. शेजारीच एक तोवर अज्ञात जनुक होतं, आयएफएनएल४. ज्यांच्यात ते प्रथिन तयार होतं, त्यांच्या शरीरातून विषाणू कमी वेळा जातो. विषाणूविरोधी कुळातलं इंटरफेरॉन, आणि ते असणं तोट्याचं! म्हणजे चार वर्षं सगळे ज्या जनुकाच्या नावाने बोलत होते, खरा कर्ता त्याच्या शेजारी राहत होता. इतक्या भक्कम संबंधाची ही कथा. मग शंभर रुग्णांवरच्या पेपरात 'हे रूप प्रथिनाची पातळी बदलून संसर्ग टिकवत असावं' असं वाचलं की पातळी कुणी मोजली का, हे आधी बघा.

औषधांच्या बाजूनेही पाणी पुलाखालून गेलं. इंटरफेरॉन डायलिसिसच्या रुग्णांना सोसत नसे, रिबाविरिनने त्यांचा अ‍ॅनिमिया वाढे. तेव्हा उपचार कुणाला लागू पडेल हे आधी कळणं मोलाचं होतं. २०१५ मध्ये सी-सर्फर चाचणी 'लॅन्सेट'मध्ये आली: किडनीचा आजार शेवटच्या दोन टप्प्यांत असलेले रुग्ण, त्यांतले बहुसंख्य डायलिसिसवर, आणि गोळ्यांनी ११६ पैकी ११५ जणांचा हिपॅटायटिस सी गेला. २०१७ च्या एक्स्पिडिशन-४ मध्ये दुसऱ्या औषधजोडीने ९८ टक्के. जिथे जवळपास सगळेच बरे होतात, तिथे कोण बरा होईल हे जनुकावरून सांगून काय मिळवणार? तरीही 'वैयक्तिक उपचारासाठी उपयुक्त ठरू शकेल' हे वाक्य पेपरांच्या शेवटी अजून येतं.

माझी सगळ्यात गंभीर हरकत याच्याही पुढची आहे. 'जनुकीय प्रवणता' हा शब्द फार सोयीचा आहे. एखाद्या युनिटमध्ये वर्षभरात पाच-सहा जण नव्याने हिपॅटायटिस सी पॉझिटिव्ह झाले, तर पहिला प्रश्न हेपारिनची एकच बाटली किती जणांना वापरली हा असायला हवा. हातमोजे कधी बदलले, मशीनचा बाहेरचा भाग पुसला का, हे पुढचे. विषाणू एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर माणसांच्या हातांनी जातो. अमेरिकेने ६.२ चे १ टक्का केले तेव्हा कुणाचंही जनुक बदललं नव्हतं. संसर्ग 'होण्याचा' दोष रुग्णाच्या डीएनएवर टाकणारा पेपर नकळत नशिबाची जुनीच भाषा नव्या शब्दांत बोलतो, आणि युनिट चालवणाऱ्यांना सुटकेचा रस्ता देतो. सुरुवातीला तीन प्रश्न वेगळे करायचा आग्रह धरला तो यासाठीही.

तुमच्यासमोर हा विषय आला तर

गाइडना थेट नाही म्हणायची गरज नाही. सिनॉप्सिस लिहिण्याआधी एवढं करा.

तीनपैकी एकच प्रश्न निवडा आणि शीर्षकातच तो दिसू द्या. कंट्रोल गटातल्या प्रत्येकाची विषाणूशी गाठ पडली होती, हे कशावरून ठरवणार ते लिहा. पॉवरचा हिशेब वर केला तसा स्वतः करा, आणि तो ऑड्स रेशो १.२ ते १.३ धरून करा, छापलेल्या दोन-तीनच्या आकड्यांवर नको. माणसं पुरत नसतील तर दोन-तीन शहरांतली केंद्रं जोडा, किंवा लसीच्या प्रतिसादाकडे वळा. एसएनपींची यादी आणि मॉडेल आधी ठरवून तारीख घालून नोंदवा. डायलिसिसची वर्षं, रक्त किती वेळा दिलं, आधीची केंद्रं आणि मधुमेह ही माहिती डीएनए इतक्याच काळजीने गोळा करा. आणि काहीच सापडलं नाही तरी छापायचं, हे गाइडशी आजच बोलून घ्या. पुरेशा नमुन्यावरचा 'संबंध नाही' हा निकाल पुढच्या विद्यार्थ्याची तीन वर्षं वाचवतो.

सरावासाठी या साच्यातला कुठलाही एक पेपर घ्या. 'अ‍ॅब्स्ट्रॅक्ट' झाका, फक्त 'मेथड्स' वाचा, आणि तेवढ्यावरून निष्कर्ष काय निघू शकतो ते दोन ओळींत लिहा. मग अ‍ॅब्स्ट्रॅक्ट उघडून ताडून बघा. काय फरक पडला ते कळवा, पुढच्या लेखात त्यातली दोन-तीन उदाहरणं घेऊ.